निष्कास वायूचा तापसंवेदक आणि त्याचे विद्युत्‌मंडल

डिझेल मोटारीच्या धुरातील काजळी हवेत मिसळू नये म्हणून तिच्या निष्कास नळीत एक सच्छिद्र गाळणी बसविलेली असते. भारत स्टेज ६ ही मर्यादा १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर ही गाळणी आपल्याकडील नव्या डिझेल मोटारींत नित्याची झाली. तीत साठणारी काजळी वेळोवेळी जाळावी लागते, व त्यासाठी वायूचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवावे लागते. ते कमी पडल्यास काजळी जळत नाही; फार चढल्यास गाळणीच तडकते. हे तापमान पाहण्यासाठी नळीत ठिकठिकाणी संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवितात. त्यांपैकी एकाचीही साक्ष अविश्वसनीय ठरली की नियंत्रक बहुधा काजळी जाळण्याचे काम थांबवितो, आणि गाळणी हळूहळू तुंबू लागते. ती बदलण्याचा खर्च संवेदकाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

अशा वेळी तपासणी-यंत्रावर पी ०५४४, पी ०५४५ किंवा पी ०५४६ यांसारखा क्रमांक उमटतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. क्रमांक सांगतो तो दोष संवेदकाचा नव्हे, तर त्याच्या मंडलाचा. आणि मंडलात संवेदकाबरोबर तारा, जोडणी व नियंत्रकाचा काही भागही येतो.

पुष्कळ संवेदकांत प्लॅटिनमचा सूक्ष्म पट्टा असतो. प्लॅटिनम तापले की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो. एका प्रचलित प्रकारात तो ० अंशाला २०० ओहम, २५ अंशांना सुमारे २१९ व ६०० अंशांना सुमारे ६१७ ओहम असतो. (काही संवेदकांत याउलट तापमानाबरोबर रोध घटतो, म्हणून गाडीची पुस्तिका आधी पाहावी.) नियंत्रक ५ व्होल्टचा दाब एका ठराविक रोधातून संवेदकाकडे पाठवितो. हा रोध १००० ओहम धरला, तर थंड संवेदकावर सुमारे ०.९ व ६०० अंशांना १.९ व्होल्ट दाब आढळेल. तार तुटली तर तेथे पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, आणि नियंत्रकाला नळी अशक्यप्राय तापलेली भासते. दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या तर दाब शून्यावर येतो, व तीच नळी बर्फाहून थंड ठरते!

तपासणीचा आरंभ गाडी रात्रभर उभी ठेवून करावा. सकाळी इंजिन सुरू न करता सर्व संवेदकांची तापमाने वाचावी. ती हवेच्या तापमानाशी जुळली पाहिजेत. एखादे फटकून असेल तर वाट सापडली. मग त्या संवेदकाची जोडणी सोडून, चावी फिरवून, गाडीच्या बाजूच्या टोकांवर मीटर लावावा. सुमारे ५ व्होल्ट न मिळाल्यास दोष तारेत किंवा नियंत्रकात आहे. दाब मिळाला, तर ती दोन टोके लहानशा तारेने क्षणभर जोडून पाहावी. यंत्रावरील तापमान एका टोकावरून दुसऱ्या टोकास गेले, तर तारा व नियंत्रक निर्दोष, आणि संशय संवेदकावर येतो. जोडणीत दोनांहून अधिक तारा असतील तर मात्र हा प्रयोग करू नये.

सर्वांत त्रासदायक दोष तो, जो दिवा लावीत नाही. जोडणीत ओल शिरून हिरवट थर बसला व त्यामुळे केवळ २० ओहमचा फाजील रोध आला, तरी वरील संवेदकाचे वाचन सुमारे २५ ते ३० अंशांनी चढते. नियंत्रकाला ते खरेच वाटते, नळी पुरेशी तापत नाही, आणि काजळी अर्धवट जळून साठत राहते. म्हणून जोडणी उघडून डोळ्यांनी पाहावी. तापलेल्या नळीला चिकटून वितळलेले वेष्टण किंवा उंदरांनी कुरतडलेली तार येथे वारंवार सापडते. दोष कधी असतो, कधी नसतो, असे दिसल्यास मीटर लावून ठेवून तारांचा जुडगा हलवावा.

संवेदक काढावाच लागला तर नळी पूर्ण निवू द्यावी. आटे गंजून घट्ट बसलेले असतात. गंज सोडविणारे तेल घालून थांबावे, आणि पाना संवेदकाच्या षट्कोनावरच लावावा. दांडा वाकला तर आतील पट्टा तुटतो. नवा बसविल्यावर जुना क्रमांक पुसावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड वाचने पुन्हा ताडून पाहावी.