ती पुडी चहात घालू नकोस

अगं, ती पुडी नवऱ्याच्या चहात घालण्याआधी माझं ऐक. ‘न सांगता दारू सोडवा’ असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं, पण पुडीत काय आहे ते विकणारा सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असलं आणि त्याने वर दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. हेच औषध डॉक्टरही देतात, पण तपासून आणि त्याला विश्वासात घेऊन. दारूची ओढ कमी करणारं नॅलट्रेक्सोनही आता मिळतं. चोरून काही करायची गरजच नाही.

तू म्हणशील, तो डॉक्टरकडे येतोय कुठे? त्याचाही अभ्यास झालाय गं. उपचाराला नाही म्हणणाऱ्या दारुड्यांच्या १३० नातलगांना घेऊन अमेरिकेत तीन पद्धती ताडून पाहिल्या. तो निकाल १९९९ साली छापून आला. सगळ्यांनी घेरून जाब विचारायचा, या पद्धतीत ३० टक्के माणसं उपचाराला आली. नातलगांनी नुसतं स्वतःला सावरायचं, यात १३ टक्के. आणि घरच्यांना वागायचं कसं हे शिकवलं, तिथे ६४ टक्के!

शिकवलं काय? प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. न पिता घरी आला तर हसून बोलायचं, आवडीचं जेवण करायचं. पिऊन पडला तर ऑफिसात ‘ताप आलाय’ असा फोन तू करायचा नाहीस. त्याचं त्याला निस्तरू दे. सकाळी डोकं ताळ्यावर असताना, तो स्वतःच वैतागलेला असताना उपचाराचा विषय काढायचा. आणि हात उचलत असेल तर हे सगळं बाजूला ठेव, पोरांना घेऊन आधी माहेरी निघून ये. यात मी तडजोड सांगणार नाही.

फार वाढायची वाटही बघू नकोस. गोव्यात ‘संगत’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती, आणि भेटी फार तर चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ४२ टक्के पुरुष आधीचे चौदा दिवस दारूला शिवले नव्हते. ते न मिळालेल्या दुसऱ्या गटात १८ टक्के. म्हणजे लवकर बोललं तर बोलण्यानेही फरक पडतो.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. तो नाही आला तरी तू एकटी फोन कर. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन ये; १९८६ पासून ते हेच काम करताहेत, बायकांची घुसमट त्यांना नवी नाही.

आणि हो, रोज भरपूर पिणारा असेल तर त्याला घरात कोंडून दारू तोडायला जाऊ नकोस. एकदम थांबवली की दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भास सुरू होऊ शकतात. सोडायला तयार झाला की त्याच दिवशी दवाखान्यात ने. पैशांचं माझ्याशी बोल.