एकच पात, दोन रोज



सोयाबीनचा हंगाम संपल्यावर एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या. उठता उठता एक ताई म्हणाली, "मॅडम, या महिन्याला माझा निम्माच हप्ता घ्या. वीस दिवस सोंगणीला गेले, पण हाताशी काही राहिलं नाही."

मी विचारलं, "रोज किती मिळाला?"

"बायांना तीनशे, गड्यांना पाचशे."

"काम वेगळं होतं का?"

"नाही हो. शेजारी शेजारी पात धरली होती. उलट माझी पात आधी निघायची."

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "हे असंच असतंय. आपल्या आज्जीपासून असंच आहे."

आपण वहीत हिशोब मांडला. रोजचे दोनशे कमी, वीस दिवसांचे चार हजार. त्या शेतात पाच बाया होत्या, म्हणजे वीस हजार रुपये. ताईचा हप्ता थकला तो याच पैशामुळे. म्हणून या वेळचा पाठ यावरच घेतला आहे.

भेदभाव कधी बेकायदा ठरतो?

मनाला लागणारी प्रत्येक गोष्ट कायद्यात बसत नाही. मालकाने ओळखीच्या मजुराला आधी बोलावलं, तर वाईट वाटेल, पण तो गुन्हा नाही. भेदभाव बेकायदा ठरायला दोन गोष्टी लागतात. एक, वेगळी वागणूक बाई असण्यामुळे, जातीमुळे, धर्मामुळे किंवा अपंगत्वामुळे मिळालेली असावी. दोन, त्या बाबतीत कायद्याने तशी वागणूक मना केलेली असावी.

मजुरीच्या बाबतीत ती मना आहे. समान कामाला समान वेतन मिळावं, असं आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये सांगितलं आहे. त्यासाठी १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. आता तो वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. शेतमजुरीही तिच्यात येते.

संहिता म्हणते, एकाच मालकाकडे सारखं काम असेल तर बाई आहे म्हणून मजुरी कमी देता येणार नाही. कामावर घेतानाही भेद करता येणार नाही. आणि बरोबरी करायची म्हणून गड्याचा रोज खालीही आणता येणार नाही. म्हणजे पाचशेचे चारशे करून सगळ्यांना सारखे दिले, तरी ते कायद्यात बसत नाही. वाढवायचा तो बाईचा रोज.

"सारखं काम" कसं ओळखायचं?

भांडण इथेच होतं. काम सारखं आहे का हे ठरवताना चार गोष्टी बघतात: कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी. कामाची परिस्थितीही सारखी असावी लागते. किरकोळ फरक असला तरी चालतो.

सोंगणी, खुरपणी, कांदा लावणी, वेचणी यात दोघं एकाच वावरात, एकाच वेळेत तेच काम करत असतील तर ते सारखं काम. गडी दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारतो किंवा पोती उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकतो आणि बाई निंदते, तर ती दोन वेगळी कामं. तिथे रोज वेगळा असू शकतो. पण सात तास सोंगणी आणि शेवटी अर्धा तास पोती, एवढ्यावर "गड्याचं काम जड" असं म्हणता येईल का, हे विचारायलाच हवं.

वेळेचंही तसंच. गडी आठला येतो आणि बाई घरचं आवरून दहाला, तर दोन तासांचा फरक खरा आहे. तेवढे पैसे कमी होतील. पण दोन तासांचे दोनशे रुपये होतात का? हिशोब करून बघा.

मालक काय म्हणतो, आपण काय म्हणायचं

*"गावात हाच रेट आहे."* गावाचा रेट कायद्यापेक्षा मोठा नाही.

*"तू कबूल होऊन आली होतीस."* कायद्याने मिळणारा पैसा सोडून द्यायचा करार झाला असला तरी तो रद्दच समजला जातो.

*"मला परवडत नाही."* यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. मुंबईच्या एका कंपनीत बायका लघुलेखिकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. नोकरी संपल्यावर त्यांच्यातल्या एकीने समान वेतनाच्या कायद्याखाली दाद मागितली. हा ऑड्री डिकॉस्टा खटला. १९८७ साली कोर्टाने सांगितलं की कंपनीची परिस्थिती बेताची आहे हे कमी पगाराचं कारण होऊ शकत नाही. काम सुटलं म्हणून हक्क सुटत नाही, हेही यातून लक्षात ठेवा.

दाद मागायची तर कशी?

१. आधी लिहून ठेवा. तारीख, कुणाचं वावर, काम कोणतं, किती तास, बायांना किती, गड्यांना किती, सोबत कोण होतं. गटाच्या वहीसारखीच एक हजेरी वही करा. पैसे फोनवर आले असतील तर तो मेसेज पुसू नका.

२. एकत्र जाऊन बोला. एकटीने नको. हंगामाच्या आधी, रोज ठरतानाच बोला. पीक वावरात उभं असताना मालकालाही मजुरांची गरज असते.

३. ऐकलं नाही तर अर्ज. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं. तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कमी मिळालेल्या मजुरीचा दावा नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे चालतो. दावा ती मजूर स्वतः, ती सभासद असलेली नोंदणीकृत कामगार संघटना किंवा निरीक्षक करू शकतो. बचत गटाच्या नावाने दावा होत नाही, पण पाचही जणी मिळून एकच अर्ज देऊ शकतात.

४. मुदत तीन वर्षांची आहे. पैसे मिळायला हवे होते त्या दिवसापासून मोजायची.

५. पैसे दिल्याचा पुरावा मालकाने द्यायचा. मजुरी पूर्ण दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. पाचपर्यंतच मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याला रजिस्टर ठेवण्याची सक्ती नाही, पण मागितल्यावर मजुरी दिल्याचा पुरावा त्यालाही दाखवावा लागतो. सारखं काम होतं हे मात्र आपल्याला सांगावं लागेल, म्हणून ती हजेरी वही.

दावा मंजूर झाला तर राहिलेली मजुरी मिळते. शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. किती द्यायची ते तो ठरवतो.

वकील लागला तर पैशाची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा किंवा १५१०० या नंबरवर फोन लावा.

आणखी एक. बायांना आणि गड्यांना सारखाच रोज दिला, पण तो सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी असला, तर तीही वेगळी तक्रार होते. आजचा दर कामगार कार्यालयात विचारून गटाच्या फळ्यावर लिहा.

भीती खरी आहे

"तक्रार केली तर उद्या कामाला कोण बोलावणार?" हा प्रश्न त्या बैठकीत आलाच. खोटा धीर देणार नाही. अर्ज दिल्यावर मालकाने पुढच्या हंगामाला बोलावलं नाही, तर कायदा लगेच धावून येईल असं नाही. म्हणून अर्ज ही शेवटची पायरी आणि एकी ही पहिली. वाडीवरच्या सगळ्या बाया एकच रोज सांगत असतील तर मालक कुणाकुणाला टाळणार? उक्तं कामही घेता येतं. एकराचा भाव ठरला की त्यात बाई-गडी हा प्रश्न राहत नाही. आलेले पैसे आपण आपल्यात सारखे वाटायचे.

ऊसतोडीला जाणाऱ्या सख्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात जाते आणि बाईच्या कामाचा वेगळा हिशोबच होत नाही. निदान मुकादमाच्या वहीत आपलं नाव वेगळं लिहा, असं सांगायला सुरुवात करू या.

आणि आपण स्वतः?

त्या बैठकीत कोपऱ्यात बसलेल्या एक आज्जी शेवटी बोलल्या. "पोरींनो, आपल्यातल्या चौघींची स्वतःची शेती आहे. आपण बाईला काय देतो गं?" बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक म्हणाली, "मीपण तीनशेच दिले." दुसरी म्हणाली, "मीपण."

कायदा मालकाला जेवढा लागू आहे तेवढाच मालकिणीलाही आहे. त्या दिवशी गटाच्या इतिवृत्तात एक ठराव लिहिला गेला: सभासदांच्या शेतात सारख्या कामाला एकच रोज. ताईचा राहिलेला निम्मा हप्ता पुढच्या महिन्यावर घेतला.

दुसऱ्या भेदभावांसाठी

- जातीवरून अपमान, पाणवठ्यावर किंवा देवळात अडवणं: नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. पोलीस ठाणे किंवा हेल्पलाइन १४५६६.
- जातपंचायतीने वाळीत टाकणं: महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा, २०१६. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- बाईला कोणतीही तातडीची मदत: १८१ किंवा ११२.

पुढच्या बैठकीत करा

१. मागच्या हंगामात कोणत्या कामाला बायांना किती आणि गड्यांना किती मिळाले, याचा तक्ता करा. प्रत्येक कामापुढे "सारखं" की "वेगळं" ते लिहा.
२. फरकाची बेरीज करा आणि ती गटाच्या महिन्याच्या बचतीशेजारी मांडा.
३. ज्यांची शेती आहे त्या सख्यांनी आपला रोज सांगावा. कुणी कुणाला टोचून बोलायचं नाही.
४. पुढच्या हंगामाचा रोज किती सांगायचा, ते सगळ्यांनी मिळून ठरवा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा.