वाळवी : आई एक, अंगे निराळी

मृगाचा पाऊस झाला, की मावळात संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात. सकाळी ओट्यावर पंखांचा सडा पडतो. हे किडे म्हणजे वाळवीच. आपल्या छपराचा वासा पोखरते तीही वाळवीच. मग एकीला पंख आणि दुसरीला नाहीत, असे का?

वारुळात राजा-राणी असतात. बाकी सारी त्यांची लेकरे. त्यांत कामकरी असतात, शिपाई असतात आणि पंखवाले असतात. शास्त्राच्या पुस्तकांत ह्या वर्गांना जाती म्हणतात. पण ही आपल्याकडची जात नव्हे बरे! कोण शिपाई होणार, हे पिल्लू वाढताना अंगातल्या रसांच्या कमी-जास्त प्रमाणावर बरेचसे ठरते.

आता एकेकाचे अंग पाहू.

कामकरी आंधळा असतो. त्याची कातडी पातळ असते. उन्हा-वाऱ्यात तो लवकर सुकून मरतो. म्हणून तो भिंतीवरून ओल्या मातीची नळी करून चालतो. लाकूड आणतो तो हाच. मोठ्या वारुळातली वाळवी त्या चोथ्यावर बुरशीची बाग लावते. बुरशी लाकूड मऊ करते, मग ते पचते. पावसात वारुळावर अळंबी उगवते, ती ह्याच बागेतली.

शिपायाचा जबडा मोठा असतो. तो लढायला बरा, पण खायला कुचकामी! कामकरी त्याला भरवतो. काही जातींचे शिपाई चावताना तोंडातून चिकट रस सोडतात. त्यात मुंग्या अडकतात.

पंखवाल्याच्या अंगात चरबी भरलेली असते. ती त्याची शिदोरी. नवे घर करताना पहिली पिल्ले तो त्यावरच पोसतो.

राणीचे पोट फुगलेले असते. ती दिवसाला हजारो अंडी घालते. शिवाय तिच्या अंगाला खास वास असतो. 2010 साली जपानी शास्त्रज्ञांनी एका जातीच्या वाळवीत हा वास ओळखला. तो दरवळत असेल, तोवर घरात दुसरी राणी तयार होत नाही.

ह्यातून आपण काय घ्यावे? भिंतीवरची नळी पुसली, दहा-वीस कामकरी मेले, म्हणून वाळवी गेली असे समजू नका. राणी आत सुखरूप असते. ती नवे कामकरी देते. कामकऱ्याला ओल आणि मातीची वाट लागते. ती वाट तोडा. मेढ मातीत पुरू नका, खाली दगडी तळखडा द्या. सरपण भिंतीला टेकवून रचू नका. छपराची गळती पावसाआधी काढा. औषध लागलेच तर जाणकाराला विचारा. विहिरीजवळ ओतू नका.

कार्ल्याच्या लेण्यात जाऊन वर पाहा. तिथल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. लाकूड सागवानी आहे. सागाच्या अंगातला रस वाळवीला मानवत नाही. शिवाय खाली खडक आहे, माती नाही.

प्रश्न
1. शिपायाला कोण भरवते? का?
2. कामकरी मातीची नळी का करतो?
3. तुमच्या घरातले कोणते लाकूड मातीला टेकले आहे? आजच पाहून या.