पिशवीचे वजन



आज शाळेतून घरी गेलात की एक काम करा. स्वयंपाकघराच्या दारामागे पाहा. तिथे खिळ्याला प्लॅस्टिकची एक पिशवी लटकत असेल आणि तिच्या पोटात आणखी पिशव्या कोंबलेल्या असतील. त्या सगळ्या जमिनीवर पसरा आणि मोजा. मी माझ्या घरी मोजल्या, तेव्हा ४३ निघाल्या. त्यांतली एकही मी विकत घेतलेली नव्हती. सगळ्या फुकट मिळाल्या होत्या.

तुमच्या दादीला किंवा नानीला विचारा, त्यांच्या लहानपणी बाजारातून सौदा कसा आणत असत. (तुम्ही घरी ज्याला 'सौदा' म्हणता, त्याला मराठीत 'वाणसामान' म्हणतात. मराठीत 'सौदा' म्हणजे खरेदी-विक्रीचा व्यवहार.) वाणी साखर कागदात बांधून वर दोरा गुंडाळून देई. तेलासाठी घरून बाटली न्यावी लागे, दुधासाठी किटली. भाजीसाठी हातात कापडाची थैली असे. थैली मात्र उर्दूतही थैली आणि मराठीतही थैली!

दोन कानांची प्लॅस्टिकची पिशवी स्वीडन देशात जन्माला आली. स्टेन गुस्ताफ थुलिन या माणसाने ती तयार केली. १९६५ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. पिशवी हलकी, स्वस्त आणि मजबूत होती. मासळी ठेवा, दही ठेवा, ती गळत नसे. लोकांना ती आवडली यात नवल नाही. पण जे तिचे गुण, तेच पुढे तिचे दोष ठरले.

कसे, ते थोड्या गणिताने पाहू. एका पिशवीची रुंदी ३० सेंटिमीटर आणि उंची ४० सेंटिमीटर आहे असे समजा. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ झाले २४०० चौरस सेंटिमीटर. तिची जाडी २० मायक्रॉन आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अशा पिशवीचे वजन साधारण साडेचार ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो प्लॅस्टिक गोळा करायला सव्वादोनशेच्या आसपास पिशव्या वेचाव्या लागतील.

आता कचरा वेचणाऱ्या बाईंचा विचार करा. भंगारवाला त्यांना किलोवर पैसे देतो. बाटली, पत्रा किंवा पुठ्ठा उचलला की पोत्याचे वजन वाढते. चिखलाने माखलेल्या सव्वादोनशे पिशव्या कोण उचलणार? पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी आपली संघटना स्थापन केली. तिचे नाव आहे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. कागद, काच आणि पत्रा या तिन्ही वस्तूंना भंगारात भाव मिळतो. पातळ पिशवीचा त्या नावात पत्ता नाही.

जी पिशवी कोणी उचलत नाही, ती वाऱ्याने उडते आणि गटारात जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहर बुडाले, शेकडो माणसे दगावली. दोष एकट्या पिशव्यांचा नव्हता. मिठी नदीच्या काठावर बांधकामे झाली होती, गटारे जुनी होती आणि समुद्राला भरती होती. पण तुंबलेली गटारे साफ करताना पिशव्यांचे ढीगच्या ढीग निघाले. बांगलादेशाने हाच धडा १९८८ आणि १९९८ च्या पुरांतून घेतला होता. २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी घालणारा तो जगातील पहिला देश ठरला.

आपल्या देशातही कायदे झाले. १९९९ साली पिशवीची जाडी निदान २० मायक्रॉन हवी असे ठरले. २०११ मध्ये ती ४० झाली, २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. सरकार पिशवी जाड का करायला सांगते, असे तुम्हांला वाटेल. पुन्हा गणित करा. तीच पिशवी १२० मायक्रॉनची केली, तर तिचे वजन सहापट, म्हणजे सुमारे २७ ग्रॅम होईल. मग ३७ पिशव्यांत एक किलो! ती उचलणे परवडते. शिवाय इतकी महाग पिशवी दुकानदार फुकट वाटणार नाही. मात्र लोकांनी जाड पिशवीही एकदाच वापरून फेकली, तर कचऱ्यात सहापट प्लॅस्टिक जाईल. या उपायात एवढी खोट आहे खरी.

महाराष्ट्राने २०१८ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. २३ जूनपासून दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५००० रुपये दंड ठरला. तरीही काळी पिशवी गाडीखालून निघतेच. आमच्या भाजीवाल्या मावशींना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं. दिली, तर दंड माझ्या डोक्यावर. तुम्हीच सांगा, मी काय करू?" मला उत्तर देता आले नाही. मीही त्या दिवशी रिकाम्या हाताने बाजारात गेलो होतो.

आयर्लंड देशाने दुकानदाराऐवजी गिऱ्हाइकाला हात घातला. २००२ साली तिथे प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसला. तो गिऱ्हाइकानेच भरायचा. आधी तिथे एक माणूस वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या वापरत असे. ती संख्या २१ वर आली. पुढे ती हळूहळू वाढू लागली, तेव्हा २००७ साली कर २२ सेंट केला.

थैली घेताना एक सावधगिरी बाळगा. कापडासारखी दिसणारी एक रंगीत पिशवी दुकानात मिळते. तुम्ही मालेगावात किंवा भिवंडीत राहत असाल, तर यंत्रमागावर विणलेले कापड तुम्ही नक्की पाहिले असेल. त्या पिशवीत ताणा-बाणा दिसतो का, पाहा. दिसणार नाही. ती विणलेली नसतेच. बहुतेक वेळा तीही प्लॅस्टिकचीच असते. सुती थैली खरी चांगली, पण कापूस पिकवायला पुष्कळ पाणी लागते. म्हणून दर महिन्याला नवी थैली शिवण्यात अर्थ नाही. एकच थैली फाटेपर्यंत वापरावी, फाटली की ठिगळ लावावे.

हल्ली माझी थैली चपलांच्या शेजारी टांगलेली असते. तरी कधी कधी विसरतो. मागच्या आठवड्यात मावशींकडून कोथिंबीर रुमालात बांधून आणली. मावशी हसल्या, पण त्यांनी दोन मिरच्या वर घातल्या.

स्वाध्याय

१. कचरा वेचणाऱ्या बाई पातळ पिशव्या का उचलत नाहीत?
२. भाजीवाल्या मावशींची अडचण तुमच्या शब्दांत लिहा. त्यांना तुम्ही काय उत्तर दिले असते?
३. 'सौदा' या शब्दाप्रमाणे उर्दू आणि मराठीत वेगळा अर्थ असलेले दोन शब्द शोधा.
४. घरातील पिशव्या मोजा. त्यांतल्या किती विकत घेतल्या होत्या, ते घरच्यांना विचारून लिहा.