नाम आणि देह : ‘बॉम जेझुस’ चर्चची अंतर्रचना

जुन्या गोव्यातील ‘बॉम जेझुस’ हे चर्च सामान्यतः संत फ्रान्सिस झेव्हियर यांच्या शवामुळे ओळखले जाते. वस्तुतः ते बालयेशूला समर्पित असून ‘बॉम जेझुस’ या पोर्तुगीज नावाचा अर्थ ‘कृपाळू येशू’ असा घेता येईल. वास्तूचे समर्पण एकाला आणि लोकांची ओढ दुसऱ्याकडे, ही विसंगती वरवरची नव्हे. चर्चच्या अंतर्भागात दोन केंद्रे आहेत : एक नामाचे, दुसरे देहाचे. त्यांच्या परस्परसंबंधातूनच या वास्तूचा आशय उलगडतो.

येशूसंघाच्या या चर्चचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १५ मे १६०५ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. दर्शनी भागाच्या माथ्यावर ‘आयएचएस’ ही तीन अक्षरे कोरलेली आहेत. येशूच्या ग्रीक नावातील ही आद्याक्षरे होत. त्यांतील मधले अक्षर रोमन ‘एच’सारखे दिसत असले, तरी ते ग्रीक ‘ईटा’ हा स्वर आहे. पुढे या अक्षरांना ‘मानवांचा तारक येशू’ असा लॅटिन अर्थही जोडण्यात आला आणि येशूसंघाने ती आपली मुद्रा म्हणून स्वीकारली. अशा रीतीने आत पाऊल टाकण्यापूर्वीच दर्शनार्थ्यास नामाची भेट घडते.

आतील मुख्य दालन एकच आणि अखंड आहे. खांबांच्या रांगांनी विभागलेले पार्श्वमार्ग नसल्यामुळे दृष्टीला अन्यत्र थांबावयास जागा उरत नाही. ती थेट सोनेरी मुलाम्याच्या मुख्य वेदीकडे जाते. जमिनीपासून छतापर्यंत उभ्या असलेल्या या कोरीव रचनेचा क्रम खालून वर वाचावयाचा आहे. खाली बालयेशूची लहानशी मूर्ती. तिच्यावर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती. त्याहून वर ‘आयएचएस’ अक्षरांचे वर्तुळ. आणि सर्वांत वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य. येथे आकार आणि महत्त्व यांचे नाते उलट आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. सर्वांत मोठी मूर्ती संताची आहे. परंतु तिचे डोळे वर, नामाकडे लागलेले आहेत. पाहणाऱ्याची नजर मूर्तीवर न थांबता मूर्तीच्या नजरेमागून वर जाते. रूप हे येथे नामाकडे नेणारी पायरी ठरते.

दालनाच्या दक्षिण भिंतीवर लाकडी प्रवचनपीठ आहे. त्यावर येशू, चार शुभवर्तमानकार व चार धर्मपंडित कोरलेले आहेत. त्याच्या समोरील भिंतीशी, ज्यांच्या संपत्तीतून हे चर्च उभे राहिले, त्या दों जेरोनिमो मास्कारेन्यस यांचे स्मारक आहे. उच्चारला जाणारा शब्द आणि मर्त्य देहाची आठवण अशी समोरासमोर ठेवल्याने दोन्ही केंद्रांची चाहूल वेदीपर्यंत पोचण्यापूर्वीच लागते.

दुसरे केंद्र वेदीच्या उजव्या हाताच्या उपमंदिरात आहे. झेव्हियर यांचे निधन १५५२ मध्ये चीनजवळील सांचियान बेटावर झाले. त्यांचे शव ज्या रुप्याच्या पेटीत ठेवले आहे, ती १६३७ च्या सुमारास गोव्यातील रुपेकारांनी घडविली. तिच्यावर संतचरित्रातील प्रसंग उठविलेले आहेत. पेटीखालील संगमरवरी समाधी मात्र फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोजिनी यांची असून, टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी दिलेली ही देणगी १६९८ मध्ये येथे बसविण्यात आली. पाया इटालियन आणि वरची पेटी गोमंतकीय. शवाला सर्वांत निकट असलेले काम स्थानिक हातांचे आहे. धर्म परका आणि कसब आपले, हा संयोग रुप्यात येथे मूर्त झाला आहे.

असाच संयोग याच काळात शब्दांतही घडला. येशूसंघाचेच फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्याची भाषा मराठी आणि छंद ओवीचा होता. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली होती आणि नवख्रिस्ती समाज आपल्या जुन्या पोथ्यांना मुकला होता. त्या पोथ्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण द्यावे, अशी या समाजाची मागणी ग्रंथाच्या आरंभीच येते. वेदीवरील ग्रीक अक्षरे श्रोत्यांना वाचता येण्यासारखी नव्हती. ओवी मात्र त्यांच्या कानांत आधीपासूनच होती. वेदीने जे डोळ्यांना दाखविले, ते पुराणाने कानांना ऐकविले. परंतु ज्या सत्तेच्या छत्राखाली जुने नष्ट झाले, तिच्याच छायेत हे नवे निर्माण झाले, हे विसरून या सौंदर्याचा विचार करता येणार नाही.

१७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून येशूसंघाची हकालपट्टी झाली. संघ गेला, तरी त्याची मुद्रा वेदीवर राहिली आणि लोकांची रीघ देहाकडे चालूच राहिली. रचनाकारांनी दृष्टीला वर नेले, भाविकांची पावले बाजूच्या उपमंदिराकडे वळली. वास्तूने दोहोंना एकाच छताखाली जागा दिली. यांपैकी एकाच केंद्राचा अभ्यास केल्यास तिचे अर्धेच वाचन हाती लागते.