गुहागर ते गणपतीपुळे, शेवटच्या सायकलीच्या वेगाने

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे एका हाताला समुद्र आणि चाकाखाली सपाट डांबर, अशा समजुतीने जो कोकणात सायकल घेऊन येतो त्याची पहिल्या तासातच दमछाक होते. इथली गावं खाली, खाडीच्या किंवा पुळणीच्या काठाला. रस्ता मात्र वरच्या कातळसड्यावरून जातो. गाव आलं की उतरायचं, गाव संपलं की पुन्हा चढायचं, हे दिवसभर चालतं. गुहागर ते गणपतीपुळे हे साठ-पासष्ट किलोमीटर नकाशावर अर्ध्या दिवसाचे दिसतात. आठ-दहा मित्रांचा गट असेल तर त्यांना अख्खा दिवस द्या.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. मार्चनंतर सड्यावर झाड नाही, सावली नाही आणि खालून जांभा तापतो. जायचं ते उत्तरेकडून दक्षिणेला. या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो पाठीशी राहतो. उलट निघालात तर पाय दमलेले असताना तोच वारा छातीवर घ्यावा लागेल.

गुहागरहून उजाडता उजाडता निघा. पोटात काहीतरी हवंच. केळी, शेंगदाण्याचा लाडू, चहा एवढं पुरे. घावणं-आंबोळीची न्याहारी पुढे वेळणेश्वर किंवा हेदवीला करा, तोवर पंधरा-वीस किलोमीटर मागे पडलेले असतात आणि भूक खरी असते. पालशेतच्या बाजारातून जाताना एकामागे एक चला. रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की दोघांनाही जागा पुरत नाही.

आता गटाचं. अशा सहलीत भांडणं होतात ती बहुतेक वेळा वेगावरून. पुढचे दोघं-तिघं चढ संपल्यावर थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी शेवटचा भिडू धापा टाकत पोचतो आणि तो पोचताच हे म्हणतात, ‘चला, निघू या.’ म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. पुढच्या चढाला तो आणखी मागे पडतो आणि दुपारपर्यंत त्याच्या पायात गोळे येतात. यावर उपाय साधा आहे, पण तो आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवायला हवा: थांब्याची वेळ शेवटची सायकल आल्यापासून मोजायची. तो टेकला, पाणी प्यायला, त्यानंतर दहा मिनिटं. आधी पोचलेल्यांना कंटाळा आला तर येऊ दे.

याचा अर्थ सगळ्यांनी चढावर एकत्र रांगावं असा मुळीच नाही. चढ ज्याने त्याने आपल्या दमाने चढावा. दुसऱ्याच्या वेगाने चढणं, मग तो वेग आपल्यापेक्षा जास्त असो वा कमी, पायांना त्रासाचंच असतं. भेटायचं ते माथ्यावर. फाटा आला की मात्र पुढच्याने थांबायचं, मागचा नजरेस पडला आणि त्याने हात वर केला की मगच निघायचं. मग तो मागचा आपल्या मागच्यासाठी थांबेल. खाडीच्या खोलगट भागात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे ‘चुकला तर फोन करेल’ यावर विसंबू नका. सगळ्यांत मागे एक अनुभवी, तब्येतीने दणकट माणूस ठेवा आणि पंप, सुटे भाग त्याच्याकडे द्या. पंक्चर झालेला माणूस आपोआप मागेच पडतो, मग दुरुस्तीचं सामान पुढे नेऊन काय उपयोग?

सामानातली एक गोष्ट हमखास विसरली जाते. मागचा डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या पट्टीवर बसतो ती हँगरची पट्टी. सायकल उजव्या अंगावर पडली की फ्रेम वाचावी म्हणून ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, वाकते किंवा तुटते. प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, मित्राची तुम्हाला बसत नाही आणि या गावांतल्या दुकानांत ती मिळण्याची आशा धरू नका. प्रत्येकाने आपापली एक जवळ ठेवावी. ट्यूबचंही तसंच: बारीक व्हॉल्व्हच्या कुणाच्या, जाड व्हॉल्व्हच्या कुणाच्या, चाकाचा आकार काय, याची जुळणी घरूनच करा.

वेळणेश्वरचं देऊळ समुद्राला लागून आहे. तिथे उतरायचं म्हणजे तेवढंच परत चढायचं, तरी उतराच. हेदवीचा दशभुज गणपती टेकडीवर. उतारांवर दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवा. वळणांवर लाल मातीची बारीक खडी पसरलेली असते आणि तिच्यावर ब्रेक दाबला की चाक घसरतंच. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारायचा. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर सलग दाबून धरू नका, रिम तापतात. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

तवसाळच्या धक्क्यावर दिवसाचा खरा टप्पा येतो. शास्त्री नदीच्या खाडीपलीकडे जयगड, मध्ये फेरीबोट. सगळा गट एकाच बोटीत बसायला हवा, म्हणून सकाळचं सगळं वेळापत्रक या बोटीवरून मागे मोजत ठरवा. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी गावात विचारून घ्या. धक्क्याच्या उतरणीवर सायकलवरून उतरून ती हाताने न्या. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे शेवाळ असतं आणि सायकलच्या बुटांचे तळवे त्यावर अजिबात टिकत नाहीत.

जयगडला उतरल्या उतरल्या चढ आहे, आणि तो भर दुपारी वाट्याला येतो. तेव्हा आधी जेवा. कोकणात घरगुती जेवण सांगून ठेवल्याशिवाय मिळत नाही. दहा माणसं अचानक दारात उभी राहिली तर घरच्या बाईने भात कधी टाकायचा? आदल्या संध्याकाळी फोन करून ताटं किती, शाकाहारी किती, ते स्पष्ट सांगा, आणि सांगितलेल्या वेळेला पोचा. सोलकढी दोन वाट्या प्या. सकाळपासून घामातून गेलेलं मीठ नुसत्या पाण्याने भरून येत नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत त्यासाठी उत्तम, आणि ते बाटलीतही भरून नेता येतं. जेवल्यावर तीन वाजेपर्यंत पडवीत आडवे व्हा. जयगडचा किल्ला बघायचा असेल तर ऊन कलल्यावर, भिंती चांगल्या उभ्या आहेत आणि तटावरून आत्ता ओलांडलेली खाडी पूर्ण दिसते.

उरलेले वीसेक किलोमीटर वारा पाठीवर घेत सहज होतात. वाटेत मालगुंड. 1866 साली केशवसुत इथे जन्मले, त्यांचं स्मारक बंद होण्याआधी पोचलात तर अर्धा तास नक्की द्या. सड्यावरचा वारा आणि गावाची शांतता दिवसभर अंगावर घेऊन तिथे शिरलं की त्यांच्या कवितांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

गणपतीपुळ्यात पोचल्यावर आंघोळीआधी सायकल. खारी हवा आणि धक्क्यावरचे शिंतोडे चेनवर रात्रभर राहिले तर सकाळी कड्यांवर तांबूस पूड दिसते. सायकल उलटी करा, ओल्या फडक्याने चेन धरून पेडल मागे फिरवा, फडकं काळं होणं थांबेपर्यंत. मग कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब, पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. वर राहिलेल्या तेलाला दुसऱ्या दिवशी लाल धूळ चिकटते. हे काम गटाने एकत्र बसून करा, कुणाचा ब्रेक पॅड झिजलाय, कुणाच्या टायरमध्ये काच रुतलीय, हे तेव्हाच ध्यानात येतं.

दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, पंचवीसेक किलोमीटर. रेल्वेने परतणार असाल तर स्टेशन गावापासून लांब आणि चढावर आहे, हे हिशेबात धरा. सायकली पार्सलमधून पाठवायच्या असतील तर गाडीच्या बरंच आधी पोचा, बाटल्या, दिवे आणि मीटर काढून पाठपिशवीत टाका, आणि प्रत्येक सायकलीवर नाव व उतरायचं स्टेशन ठळक लिहून पुठ्ठा बांधा.