संकेतस्थळाचा पत्ता आणि न आलेला अहवाल

निपाणीतील माझ्या दवाखान्याचे संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे हलविले. नवे पान पडद्यावर झळकले आणि मी निश्चिंत झालो. पाचव्या दिवशी एक रुग्ण भगिनी आल्या. "डॉक्टरसाहेब, माझा रिपोर्ट आला का हो?" बेळगावच्या प्रयोगशाळेने त्यांचा बायॉप्सीचा अहवाल चार दिवसांपूर्वीच ई-मेलने पाठविला होता. मला तो मिळालाच नव्हता. निदान कर्करोगाचे होते. चूक माझीच होती आणि ती उमजण्यासाठी मला डीएनएस हा विषय मुळापासून वाचावा लागला.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. नावावरून आकडा शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. आपण घेतलेल्या प्रत्येक डोमेन नावाचा जणू एक केसपेपर असतो व त्यावर निरनिराळ्या नोंदी असतात. हा केसपेपर कोणत्या सर्व्हरवर ठेवला आहे, ते 'एनएस' नोंद सांगते. 'ए' नोंदीत संकेतस्थळाच्या सर्व्हरचा चार आकड्यांचा पत्ता असतो. नव्या, लांबलचक पत्त्यासाठी 'एएएए' नोंद असते. टपाल कोठे द्यावे, हे मात्र 'एमएक्स' नोंद ठरविते. तीत प्राधान्याचा क्रमांकही असतो. लहान क्रमांकाचा सर्व्हर आधी, तो उपलब्ध नसल्यास पुढचा. आपल्या ऑन-कॉल यादीसारखेच.

मी एनएस नोंद बदलली, म्हणजे जुना केसपेपर बाद करून नवा सुरू केला. नव्यावर ए नोंद होती, एमएक्स नव्हती. एमएक्स नसेल तर टपाल ए नोंदीच्या पत्त्यावर जाते. तेथे माझी टपालपेटीच नव्हती. अहवाल परत फिरला व प्रयोगशाळेत कोणी न उघडणाऱ्या खात्यात पडून राहिला. संकेतस्थळ उत्तम दिसत होते, म्हणूनच मला शंका आली नाही!

'सीनेम' ही नोंद टोपणनावाची. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे सरकारी नाव इंग्रजीत बदलले, तरी पिनकोड तोच राहिला. तसे एक नाव दुसऱ्याकडे बोट दाखविते. मात्र ज्या नावाला सीनेम दिले, त्याच नावाला एमएक्स वा अन्य नोंद जोडता येत नाही. 'टीएक्सटी' नोंदीत, आपल्या नावाने टपाल पाठविण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे, ते लिहिता येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने अशा ओळखीचा आग्रह धरला आहे, तेव्हा ही नोंद टाळू नये.

प्रत्येक नोंदीला 'टीटीएल' ही मुदत असते, सेकंदांत. ८६४०० असेल तर जुनी माहिती दिवसभर इतरत्र टिकून राहते. म्हणून बदलाच्या आधी दोन दिवस मी ती ३०० वर आणतो, सर्व नोंदी कागदावर छापून घेतो आणि बदल होताच दुसऱ्या खात्यावरून स्वतःला एक पत्र पाठवितो. बायॉप्सीचा अहवाल मात्र आता प्रयोगशाळा दूरध्वनीवरूनही कळविते.